जीव हाये का साहेब

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काही केलं असेल, तर शिंगाडे खाल्ले. फुलचूरला साहेबांचं भाड्याचं घर होतं, त्याच्या ओसरीत उन्हात पाय सोडून बसलो होतो. उकडलेले शिंगाडे मीच बाजारातून कागदात बांधून नेले होते. इतकी वर्षं इथं काढली, पण साहेबांना शिंगाडा काही सोलता आला नाही. दातानं फोडायचे, अर्धा गर सालीला ठेवायचे आणि बोटं काळी करून घ्यायचे. म्हणून मी सोलायचो, ते खायचे. आत त्यांचा पोरगा बॅगा भरत होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोल्हापूरच्या गाडीनं तो बापाला गावी नेणार होता.

"डोमाजी, हे असलं तिकडं न्हाय मिळायचं," साहेब म्हणाले.

"उपासाले पीठ तं भेटते ना."

"पीठ म्हंजी शिंगाडा व्हय रं?"

"मंग राहा इथंच, बोटं काळे करत." मी मुद्दामच टोचलं.

ते हसले. "न्हाय बाबा. जाऊन राहिलो."

हे ते आमच्या बोलीत बोलले. कोणी विचारलं, साहेब गावाले कधी जाता, तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, जाऊन राहिलो ना. म्हणजे निघालोच आहे. असे ते तरुणपणापासून निघालेले होते. ती गाडी आमच्याच स्टेशनातून सुटते. कुठं बदलायचं नाही. जागा धरून बसायचं, दुसऱ्या दिवशी आपल्या जिल्ह्यात उतरायचं. रोज सकाळी तिचा भोंगा ठाण्यात ऐकू यायचा. अशी सोपी वाट समोर असून हा माणूस या गावात अडकून पडला.

शहर ठाण्याच्या फाटकासमोर माझी चहाची टपरी. टपरी माझी, चहा अन्सूचा. अन्सू माझी बायको, मागच्या पावसाळ्यात गेली. तिच्याबद्दल लिहायला बसलो नाही, पण साहेबांचं सांगायचं तर ती मध्ये येणारच.

शेडगे साहेब पहिल्यांदा आले तेव्हा ठाणेदार नव्हते. नवे फौजदार होते. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातले, उंच, वाळलेले, टोपीच्या दोन्ही बाजूंना कान बाहेर आलेले. आमच्याकडे भात, आणि यांना ज्वारीची भाकर पाहिजे. भातानं पोट भरत नाही म्हणायचे आणि दोन ताटं खायचे. तलाव पाहून तर वेडेच व्हायचे. आम्ही नवेगाव बांधाकडचे कोहळी, तलाव बांधणाऱ्यांची जात. मी एकदा त्यांना बांध दाखवायला नेलं, तर हा माणूस पाळीवर उभा राहून नुसता पाण्याकडे पाहतो. म्हणाले, "आमच्यात हंड्याला हंडा लावून टँकरची वाट बघत्यात, लका. आन तुमी ह्यात म्हशी धुता."

एक अडचण मोठी होती. त्यांना आमची बोली समजत नव्हती. हिंदी समजायची, गोंदियात अर्धा बाजार हिंदीच बोलतो. पण खेड्यावरचा माणूस बोलला की ते शिपायाच्या तोंडाकडे पाहायचे.

एकदा टपरीवर बसले होते. अन्सू बाहेर भांडे घासत होती. तिकडूनच ओरडली, "अवो साहेब, दूध उतू जाऊन राहिलं, पाहा ना जरा!"

साहेब जागचे हलले नाहीत. म्हणाले, "असू दे वहिनी, मग पुसून घ्या."

दूध भसाभसा चुलीवर. अन्सू हातातली राख तशीच घेऊन धावली. "तुमाले सांगून राहिली मी, उतू जाऊन राहिलं म्हनून! बसून काऊन राहिले?"

"उतू जाऊन राहिलं म्हणालात. मला वाटलं, गेलं."

"गेलं असतं तं गेलं म्हटलं असतं ना जी! जाऊन राहिलं म्हंजे जात हाये. अजून जाचं हाये!"

आम्ही पोट धरून हसलो. ठाण्यातले शिपाई दोन दिवस एकमेकांना 'पुसून घ्या' म्हणत होते. साहेबही हसले. त्यांना वाटलं, दुधाची गोष्ट दुधाबरोबर गेली.

त्याच हंगामातली गोष्ट. नवीन धान गिरण्यांत येऊन पडलं होतं. एका राईस मिलमध्ये धानाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी खचली आणि मंगरू नावाचा हमाल खाली सापडला. सालेकशाकडचा, जंगलपट्टीतला माणूस. बायकोला घेऊन कामाला आला होता. त्याच्यासोबतचा हमाल धावत ठाण्यात आला. मिलपासून ठाणं जवळ, दवाखाना दूर. दुपारची वेळ होती, आमच्याकडचा एकही शिपाई ठाण्यात नव्हता. सगळे कुठल्या तरी मंत्र्याच्या बंदोबस्ताला. मी चहाचे ग्लास घेऊन आत गेलो होतो, म्हणून हे कानानं ऐकलं.

"साहेब, चला लवकर! मंगरू मरून राहिला!"

साहेब उठले. "कुठं?"

"मिलमंदी. कट्ट्यायखाली. मरून राहिला साहेब!"

"किती वेळ झाला?"

"आत्ताच. लवकर चला."

"चल, मी आलोच. तू पुढं जा आणि सगळ्यांना सांग, कोणी हात लावायचा नाही. मी पंच घेऊन येतो. जिथं आहे तिथंच राहू द्या."

तो हमाल धावत गेला. मीही टपरीवर आलो. मला वाटलं, साहेबांना काही कायदा माहीत असेल. पोलिसानं सांगितलं की आमच्यासारखा माणूस ऐकतो. त्या मिलमध्येही ऐकलं. मालकानं ऐकलं, हमालांनी ऐकलं. हात लावायचा नाही म्हणून सगळे गोल करून उभे राहिले. मंगरूची बायको सुकवारो, तिला दोघांनी धरून ठेवलं. ती कट्टे ओढायला जात होती.

साहेबांनी पंच शोधले, फोटोवाला शोधला, कागद घेतले आणि गेले. तिथं वाकून मंगरूच्या गळ्याला हात लावला. गळा गरम होता. बाकी काही नव्हतं.

संध्याकाळी टपरीवर आले. बसले नाहीत. उभ्यानंच अन्सूला विचारलं, "वहिनी, मरून राहिला म्हणजे काय?"

अन्सूच्या हातात गाळणं होतं. तिला तेव्हा मिलचं काही माहीत नव्हतं. ती आपली सहज म्हणाली, "म्हंजे मरत हाये. जीव हाये अजून."

साहेबांनी भरलेला ग्लास फळीवर ठेवला आणि गेले. अन्सूनं मला विचारलं, काऊन गेले? मी सांगितलं. ती खाली बसली. म्हणाली, "दुधाच्या दिशी आपन हासलो. नीट समजावून सांगाले पायजे होतं."

डॉक्टर म्हणाले होते की वाचला असता की नाही ते सांगता येत नाही. साहेबांवर कोणी बोट ठेवलं नाही. पोलीस उशिरा येतातच, यात नवीन काय, असंच सगळे बोलले. त्यांनी स्वतः वर लिहून कळवलं, तर वरच्यांनी म्हटलं, शेडगे, आपली काही चूक दिसत नाही. हेच वाईट झालं. शिक्षा झाली असती तर ती भोगून माणूस मोकळा झाला असता. याला कोणी शिक्षाच देईना.

त्यानंतर हा माणूस बदलला. बोली शिकला. अन्सूजवळ बसून शिकला, मग बाजारात, मग खेड्यांवर. पोवारी समजायला लागली, गोंडीचेही शब्द आले. ठाण्यात कोणीही घाबरा होऊन आला की साहेब खुर्चीतून उठून पहिला सवाल करायचे, "जीव हाये का?" जीव हाये म्हटलं की टोपी टेबलावर राहायची, कागद टेबलावर राहायचे, साहेब जीपमध्ये. कित्येक माणसं त्यांनी जीपच्या मागच्या पाट्यावर टाकून दवाखान्यात नेली. जीपच्या पाट्यावरचे रक्ताचे डाग निघेनात. नवीन शिपाई आला की त्याला एकच शिकवण, "आधी जीव. पंचनामा मेल्यावं पळून जात न्हाय."

तोंडाला इतकं बसलं की एकदा आमगावकडचा एक म्हातारा रडत आला, साहेब, माझी नेली हो, इतक्या वर्षांची सोबत होती, चोरून नेली. साहेब उठलेच. "जीव हाये का?" म्हातारा डोळे पुसत म्हणतो, "सायकलीले कायचा जीव साहेब!" सगळं ठाणं हसलं. त्या दिवसापासून गावात त्यांचं नावच पडलं. शेडगे कोणी म्हणेना. 'जीव हाये का साहेब' म्हणायचे. खेड्यावरच्या बाया तर विचारायच्या, जीव हाये का साहेब ठान्यात हायेत का?

लोकांना वाटायचं, नाव प्रेमाचं आहे. होतंही. पण साहेबांना ते रोज ऐकावं लागायचं, हे कोणाच्या ध्यानात येत नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात यायला तिकडचा अधिकारी रडतो. जंगल, नक्षल, घरापासून दूर. आला की पहिल्या दिवसापासून बदलीसाठी फोन. शेडगे साहेबांची बदली आली की हे उलटे धावायचे. नागपूरला जाऊन अर्ज देऊन यायचे, मला इथंच ठेवा. वरच्यांना काय, फुकटचा माणूस मिळत होता. सालेकशाला ठेवलं, नवेगावला ठेवलं, परत शहरात आणलं. शेवटी शहरचे ठाणेदार झाले आणि त्याच खुर्चीतून रिटायर झाले. पोलिसात जो जागा सोडत नाही तो तिथं खातो, असा हिशेब असतो. त्यांच्यावरही चौकशी बसली. चौकशीवाला साधे कपडे घालून माझ्या टपरीवर आला.

"ये शेडगे यहीं क्यूँ चिपका है?" मला विचारलं.

"आप ही पूछ लो," मी म्हटलं.

"कोई औरत-वौरत?"

अन्सू आतून म्हणाली, "चाय ठंडी होऊन राहिली, प्या अना जा."

बाईचं त्यानं उगाच काढलं नव्हतं. साहेब महिन्या-दोन महिन्यांनी सुकवारोच्या घरी जायचे. मिलच्या मागच्या वस्तीत ती राहत होती, नवरा गेल्यावर तिथंच झाडू मारायचं काम धरलं होतं. साहेब दारात जीप उभी करायचे, बाहेर खाटेवर बसायचे, काही पाहिजे का विचारायचे, पाणी पिऊन यायचे. झालेली सगळी गोष्ट त्यांनी तिला सांगितली होती. तिनं ऐकून घेतली होती. मग एक दिवस भर बाजाराच्या वेळी ती टपरीवर आली. साहेब बाकावर होते. आजूबाजूला आठ-दहा माणसं.

"साहेब, तुमी माया घरी काऊन येता?"

साहेब उभे राहिले. "काही चुकलं का बाई?"

"रांडमुंड बाईच्या दारात पोलिसाची गाडी उभी राहाते. लोक का म्हनतात, मालूम हाये? अर्धे म्हनतात मी साहेबाची हाये, अर्धे म्हनतात मी खबरी हाये. माया संग कोनी पानी भराले येत नाही."

"मी फक्त, तुम्हाला काही कमी..."

"तुमाले समजलं नाही, तं समजलं नाही. मीही सालेकशाहून आली तं मले हिंदी समजे नाही. झालं ते झालं. पन तुमची चूक तुमच्या घरी ठेवा. माया घरी जागा नाही."

आणि गेली. साहेबांनी टोपी हातात धरली होती, ती डोक्यावर घालायची की ठेवायची तेच त्यांना समजेना. अन्सूनं लोकांना हाकललं, "का पाहून राहिले? चाय झाली ना, निंगा!" मग साहेबांपुढं बसून म्हणाली, "ते बरोबर बोलली. तुमी आता तिकडे जाऊ नका. अना गावाले जा. बायको वाट पाहून राहिली तुमची."

त्यांनी अर्धं ऐकलं. सुकवारोकडे जाणं बंद केलं. गावी गेले नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, बाईनं माफ केलं, मग आता कायले अडकून बसले? तर म्हणाले, "तिनं माफ केलं, डोमाजी. पण ज्याला इचारायचं त्यो कुठं हाय? मी गाडीत बसलो आन हिकडं कुणी तसंच बोलत आलं, आन खुर्चीत माझ्यासारखाच कुणी असला, तर?"

खुर्चीत दुसरा आला तर तो त्याचं पाहील, असं मी म्हटलं. त्यांना ते पटलं नाही.

त्यांची बायको दोनदाच आली असेल. सासू-सासऱ्याचं करायला, शेतीला, पोराच्या शाळेला तिकडंच राहिली. दुसऱ्यांदा आली तेव्हा टपरीवर आली, अन्सूच्या हातचा चहा प्यायली आणि तोंडावर म्हणाली, "तुमच्या गावानं माझा नवरा ठेवून घेतला, बाई." अन्सूला राग यायला पाहिजे होता. ती म्हणाली, "घेऊन जा बाप्पा. आमी कुठं धरला?" दोघी जणी एकमेकींचा हात धरून बसल्या. साहेबांची बायको पुढं आजारानं गेली. साहेब पोचले तेव्हा सरणाची तयारी झाली होती. तेरावं करून इकडं परत आले. मला वाटलं होतं, आता येणार नाहीत.

रिटायर झाल्यावर फुलचूरला घर घेतलं भाड्यानं. ठाणंही नवीन इमारतीत गेलं, माझी टपरी रिकाम्या फाटकासमोर राहिली. तरी लोक साहेबांकडे यायचे. भांडण झालं, पोरगी पळाली, कोणी पडलं, आधी साहेब. साहेब सांगायचे, मी आता कोणी नाही. लोक बसून राहायचे. मग साहेब उठून चप्पल शोधायचे.

अन्सू गेली तेव्हा खांदा दिला. नंतर रोज सकाळी यायचे, टपरीवर बसायचे. मला चहा जमत नाही. पत्ती जास्त होते नाहीतर दूध करपते. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही. मी रडायचो नाही, भांडे आपटायचो. एकदा ते म्हणाले, "आपट आपट. तिची भांडी हायेत, टिकत्यात." ज्यांच्या घरात आवाज राहिला नाही अशी आम्ही दोन माणसं. दुसरं काम नव्हतं म्हणून दुपारी ओसरीत बसायचो, त्यातूनच हे शिंगाड्याचं सुरू झालं.

दिवाळीनंतर त्यांच्या छातीत दुखलं. पोरगा पुण्याहून आला, डॉक्टरशी बोलला आणि बापाला म्हणाला, आता बास. साहेब माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हणालो, "माया तोंडाकडे कायले पाहाता? जा. अन्सूही तेच म्हनत होती." ते तयार झाले. खरंच तयार झाले. न्हाव्याकडे जाऊन आले, घरमालकाला किल्ली कुठं ठेवायची ते विचारून आले. त्या दुपारी शिंगाडे खाताना मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस जाईल. पोरगा आतून हाक मारत होता, बाबा, स्वेटर कोणता ठेवू? साहेब म्हणाले, "कुठला बी ठेव. तिकडं थंडी कुठं पडती." पडते तिकडेही. पण गावची थंडी ते विसरले होते.

मी दिवेलागणीला घरी आलो. हात धुतले नव्हते तोच पोराचा फोन. साहेब खुर्चीतच गेले होते. बूट घालून पाहत होते, घट्ट झाले का म्हणून. एक पायात होता.

पोचलो तर दारात गर्दी. तो मोठा माणूस, पुण्यात मोठ्या जागी काम करणारा, माझ्याजवळ येऊन लहानासारखा उभा राहिला. "काका, लोक म्हणतायत इथंच अग्नी द्या, साहेब आमचे होते. गाव एवढं लांब. मला काही सुचत नाही. बाबा तुमच्याशी काही बोलले होते का?"

बोलले काहीच नव्हते. आणि गर्दी खरंच साहेबांची होती. बाया रडत होत्या. त्यांच्या जीपमधून दवाखान्यात गेलेली कितीक माणसं तिथं जिवंत उभी होती. त्यांचा हक्क होता, मी नाही म्हणत नाही. पण यांच्या हक्कानंच त्याला जन्मभर धरलं होतं.

"गावाले न्या," मी म्हटलं.

एक जण मागून बोलला, "डोमाजी, साहेब जाऊन राहिलो म्हनत, पन गेले नाही. बदली आली का दर वेळी नाहीच म्हनत होते."

"जलमभर नाही म्हटलं. आता नाही म्हनाले ते हायेत कुठं? गाडी बोलवा."

बोलवली. मी आणि घरमालकानं त्यांना आत ठेवलं. दुसऱ्या पायात बूट मी घातला. गाडी फुलचूरच्या वळणावरून गेली तेव्हा मागच्या काचेतून मला फक्त पोराचं डोकं दिसलं, बापाकडे वाकलेलं.

सकाळी मी टपरी उघडली नाही. मिलच्या मागच्या वस्तीत गेलो. सुकवारो म्हातारी झाली आहे, पण काम सोडलं नाही. अंगणात सांडलेलं धान सुपात घेऊन पाखडत होती.

"साहेब गेले," मी म्हटलं.

"मेले म्हन ना सरळ. मले समजते." सूप थांबलं नाही. तसंच पाखडत म्हणाली, "इथं जाळलं का?"

"नाही. गावाले पाठवलं."

"कोनं पाठवलं?"

"मी."

तिनं सूप खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसलं. घाम होता की काय, मला माहीत नाही. "बेस केलं," म्हणाली. मग खाटेवरची गोधडी सरकवून जागा केली. "बस. चाय मांडते."

"नाही, मले टपरी उघडाची हाये."

"कोन येऊन राहिलं तुया टपरीवर?"

कोणी येणार नव्हतं. मी बसलो.